प्रदर्शन बघून आल्यावर "काय समजलं?" विचारणाऱ्या मिस्टरांना काय सांगायचं

या वेळचं पत्र डिचोलीहून आलंय. ताई प्राथमिक शाळेत शिकवतात, वय पंचेचाळीसच्या पुढे, नाव छापू नका म्हणाल्यात. पत्र बरंच मोठं आहे, मधलं चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधून टांगतात त्या माटोळीवरचं अर्धं पान मी गाळलंय (त्यावर पुढे येतेच), बाकी थोडक्यात असं:

"मला बघायची हौस आहे. देवळाच्या खांबावरची नक्षी, कोणाच्या तरी घराची जुनी खिडकी, चोर्ला घाटात उतरलेले ढग, असं काही दिसलं की थांबावंसं वाटतं. मिस्टर स्वभावाने चांगले आहेत पण त्यांचं एकच, 'परत येताना थांबू', आणि परत येताना काळोख झालेला असतो. मागच्या वर्षी मी एकटीच पणजीला एका गॅलरीत गेले. एका खोलीत मासेमारीची जाळी टांगलेली, खाली पिवळे बल्ब, भिंतीवर लांबलचक इंग्रजी मजकूर. सगळे माना डोलवत होते, मला काहीच कळलं नाही. तिथला मुलगा येऊन इंग्रजीत भराभर काहीतरी सांगून गेला. दहा मिनिटांत बाहेर पडले. घरी मिस्टरांनी विचारलं, काय समजलं? मी गप्प. आता दिवाळीच्या सुट्टीत गाडीने अजिंठा-वेरूळ आणि येताना मुंबई असा बेत आहे. मिस्टर आधी खाणीवर सुपरवायझर होते, आता घरचे दोन टिपर आहेत, त्यांना कलेतलं काही कळत नाही. मुलगा अकरावीत, तो सदा मोबाईलमध्ये. मागच्या ट्रिपचे ढीगभर फोटो आहेत पण आठवत काहीच नाही. या वेळी नीट बघायचंय. कसं बघतात? त्याचा काही कोर्स असतो का?"

ताई, कोर्स असतो. आर्ट ॲप्रिसिएशनचे कोर्स मुंबई-पुण्यात चालतात, ऑनलाइन पण मिळतात, कधी वेळ झाला तर हौस म्हणून जरूर करा. पण तुमची अडचण ती नाहीच आहे. जे अर्धं पान मी गाळलं त्यात तुम्ही काय लिहिलंय ते बघा, की धाकट्या जावेने कवंडळाची लाल फळं सगळी एकाच कोपऱ्यात बांधली, मग तुम्ही ती सोडवून चारी बाजूंना फिरवली, मध्ये मध्ये आंबाडे आणि माट्टीचा हिरवा घेतला, नारळ कडेला लटकत होते ते मधल्या दांडीवर आणले, सुपारीचे घड खाली सोडले आणि तेव्हा कुठे माटोळी "बसली". अहो हेच ते! लाल कुठे एकवटला, वजन कुठल्या बाजूला गेलं, डोळा कुठे अडकतो आणि कुठून सुटतो, चित्रकार तरी याहून वेगळं काय करत बसतो? फरक इतकाच की माटोळीखाली उभं राहिल्यावर तुम्हाला कोणी "काय समजलं" असं विचारत नाही, म्हणून तिथे तुम्ही बिनधास्त असता, आणि गॅलरीत शिरलं की परीक्षेला बसल्यासारखं होतं.

तेव्हा पहिली गोष्ट, हा समजण्याचा बागुलबुवा बाजूला ठेवा. वासुदेव गायतोंडे, मूळ आपल्या गोव्याच्याच घराण्यातले, २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. त्यांच्या नंतरच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. रंगाचे थर आणि त्यातून वर येणारा उजेड, बस. तिथे "समजलं" म्हणजे नेमकं काय समजायचं? तुम्ही उभं राहायचं आणि बघत राहायचं, आधी सगळं एकच पिवळं वाटतं मग दोन मिनिटांनी त्यात चार पिवळे दिसायला लागतात, काही हललं तर हललं, नाही तर पुढचं चित्र. मिस्टरांना सांगा, समजलं काही नाही पण दिसलं बरंच. आणि मग काय दिसलं ते सांगा, त्याला भाषण लागत नाही.

आता त्या जाळ्यांचं. मी ते प्रदर्शन बघितलेलं नाही त्यामुळे चांगलं का वाईट ते मी सांगणार नाही, पण तुम्हाला विचारते, जाळी नायलॉनची होती की सुताची? नवी होती की वापरलेली, फाटून परत विणलेली? बल्ब खाली होते म्हणजे सावल्या वर गेल्या असणार, छतावर, त्या बघितल्या का? वास येत होता का? तुम्ही जर आधी हे बघितलं असतं आणि भिंतीवरचा मजकूर सगळ्यात शेवटी वाचला असता, किंवा वाचलाच नसता, तर दहा मिनिटांत बाहेर पडायची पाळी आली नसती असं माझं मत आहे. आणि समजा एवढं सगळं बघूनही ते तुम्हाला फालतू वाटलं, तर वाटू दे ना. सगळीच प्रदर्शनं ग्रेट नसतात, कधी कधी भिंतीवरचं लिखाणच कामापेक्षा वजनदार असतं, हे कलेतली माणसं पण आपापसात बोलतात, फक्त ओपनिंगच्या दिवशी वाइनचा ग्लास हातात असताना बोलत नाहीत. आवडलं नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे, फक्त कशामुळे नाही आवडलं ते स्वतःला नीट सांगता आलं पाहिजे.

माना डोलवणाऱ्यांना घाबरू नका. न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका चित्रापुढे किती वेळ थांबतात ते मोजलं होतं, २००१ साली तो अभ्यास छापून आला, सरासरी निघाली २७ सेकंद. जगातली मोठमोठी चित्रं लागलेल्या ठिकाणी २७ सेकंद! तुम्ही माटोळीखाली याच्या कितीतरी पट उभ्या असता.

आणि ते इंग्रजी बोलणारं पोर, त्याला सरळ म्हणायचं, "बाबा, सावकाश, कोंकणीत सांग पळोवया." बहुतेक वेळा तो म्हापशाचा नाही तर मडगावचाच निघतो, आणि कोंकणीत सांगायला लागला की पाठ केलेलं सोडून स्वतःला काय वाटतं ते सांगायला लागतो, ते ऐकायला जास्त मजा येते. चित्रकार स्वतः हजर असेल तर त्याला अर्थ विचारू नका, अर्थ विचारला की ते बिचारे अवघडतात. कशावर केलंय, आधी काय लावलं, हा रंग असा खरबरीत कसा आला, मध्येच सोडून द्यावंसं वाटलं का, असं विचारा, मग बघा कसे खुलतात.

दिवाळीला अजून थोडा वेळ आहे तर तोपर्यंत एखाद्या शनिवारी पणजीला चक्कर मारा. एका दिवसात सगळं करायचं नाही हं, एकच जागा किंवा फार तर दोन. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, स्टँडवरून आझाद मैदानापर्यंत आलात की समोर इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाची इमारत आहे, तिच्या प्रवेशदालनात भिंतभर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर पोर्तुगीज महाकवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत. जोर्ज कोलासो नावाच्या पोर्तुगीज कलाकाराचं १९३५ सालचं काम आहे ते. कित्येक लोक कामाला म्हणून त्याच्या समोरून रोज जातात आणि वर मान करून बघत नाहीत. तिथे पाच मिनिटं फक्त निळा बघा. एकाच निळ्यात समुद्र, आभाळ, माणसांचे कपडे, घोडे सगळं कसं वेगळं केलंय ते, आणि मग टाइलींच्या जोडरेषा चित्रातून कशा गेल्यात तेही.

पणजीच्याच फोंताइन्हास वाड्यात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे अंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. सांग्याचा माणूस, जन्म १८७०, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकला, तिथेच शिकवलं, लोक पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणायचे. घरच्या माणसांची चित्रं बघा, एका बाजूने येणारा उजेड गालावर कसा थांबतो ते, तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज पडणार नाही. आणि पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आंजेलो द फोन्सेका यांचं काम आहे, जाण्याआधी फोन करून कधी बघायला मिळेल ते विचारून घ्या. हे सांतइस्तेवचे, १९०२ चा जन्म, शांतिनिकेतनाच्या वळणात तयार झाले, पुण्याच्या आश्रमात राहिले आणि त्यांनी मरियम साडीत रंगवली. आपल्याकडची बाई, आपल्याकडचा चेहरा, खांद्यावर पदर. त्या काळी गोव्यातल्या चर्चच्या लोकांना ते मुळीच रुचलं नव्हतं, म्हणून माणूस बराचसा गोव्याबाहेरच राहिला. तुम्ही शाळेत मुलांना चित्रं काढायला लावता ना, मग त्या साडीची चुणी दोन-तीन रेषांत कशी उभी केलीय ते बघून या आणि वर्गात सांगा.

डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो पणजीत, २०१६ पासून सुरू आहे, आधी नाव नोंदवलं की बरंचसं फुकट बघता येतं, पण तिथे गर्दी आणि पसारा दोन्ही फार, पहिल्या फटक्यात तिथे जाऊ नका. गेलातच तर एका इमारतीत जायचं आणि घरी यायचं.

फोंताइन्हासचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते. तिथली रंगीत घरं ही राहती घरं आहेत. लोक पायऱ्यांवर बसून, दुसऱ्याच्या खिडकीला टेकून फोटो काढतात, आतल्या म्हाताऱ्या माणसांना किती त्रास होतो. तुम्ही तसं करणाऱ्यातल्या नाही हे पत्रावरून कळतं, पण मुलाला सांगून ठेवा. खिडक्या मात्र रस्त्यावरून भरपूर बघा. जुन्या घरांना अजून कुठे कुठे काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या दिसतात, त्यातून आत येणारा उजेड दुधाळ असतो, डोळ्यावर येत नाही. ऊन आणि पाऊस दोन्ही सांभाळून शोधलेली युक्ती आहे ती, आणि दिसायला सुंदर हा वरचा फायदा.

आता फोटोंचं. अमेरिकेत लिंडा हेंकेल नावाच्या मानसशास्त्राच्या बाई आहेत, त्यांनी विद्यार्थ्यांना म्युझियममध्ये नेऊन काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला सांगितले, मग दुसऱ्या दिवशी विचारलं. ज्यांचे अख्खे फोटो काढले होते त्या वस्तू कमी आठवल्या. पण गंमत अशी की ज्यांनी झूम करून वस्तूच्या एका भागाचा फोटो काढला त्यांना तसा तोटा झाला नाही. २०१४ साली छापून आलंय हे. तर तुमच्या अकरावीवाल्याचा मोबाईल काढून घेऊ नका, भांडण होईल आणि ट्रिपची वाट लागेल. त्याला काम द्या. अख्ख्या लेण्याचा एकही फोटो नको, फक्त हात, नाहीतर फक्त कानातली, नाहीतर फक्त हत्ती, जे त्याला हवं ते एक, आणि दिवसभर तेच. तो शोधायला लागेल, आणि शोधायला लागला की बघायला लागेल, अर्थात फ्लॅश बंद ठेवून, अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे. तुम्ही स्वतः मात्र पहिली पाच मिनिटं मोबाईल पर्समधून काढू नका.

आणि मिस्टर. त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंय की कलेतलं काही कळत नाही, आणि त्याच वाक्यात लिहिलंय की खाणीवर सुपरवायझर होते. ताई, तुम्ही चाललाय कुठे? वेरूळला! अख्खा डोंगर वरून खाली खोदत आणलेल्या ठिकाणी तुम्ही खाणीवरचा माणूस घेऊन चाललाय आणि म्हणताय त्याला काही कळत नाही!

वेरूळचं १६ नंबरचं कैलास लेणं बांधलेलं नाही, कोरून काढलंय, तेही कळसापासून सुरू करून खाली पायापर्यंत. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णराजाच्या काळात. आधी डोंगरात तीन बाजूंनी खोल चर मारून मध्ये एक प्रचंड ठोकळा सुटा केला आणि मग वरून उतरत त्याचं देऊळ केलं. अंगण साधारण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद, मागची कड सुमारे ३० मीटर खोल. निदान दोन लाख टन दगड बाहेर काढला असावा असा एक अंदाज सांगतात. आता हे आकडे तुम्ही आणि मी वाचून "बापरे" म्हणणार आणि विसरणार. पण ज्या माणसाने वर्षानुवर्षं खाणीवर बेंच, म्हणजे पायऱ्या, पाडत खाली उतरताना बघितलंय, किती टन माल निघाला आणि तो कुठल्या रस्त्याने वर काढायचा याचा हिशेब ठेवलाय, त्याला ते आकडे अंगावर येतील. त्यांना "किती सुंदर आहे ना" असं म्हणू नका, ते हो म्हणतील आणि चहाचं दुकान शोधायला लागतील. त्यांना विचारा, तुम्ही असता तर कुठून सुरू केलं असतं? एवढा दगड टाकला कुठे असेल? मध्येच खडकाला तडा निघाला तर काय करायचे? शिखर आधी पूर्ण करायचं म्हणजे खालचा हत्ती कुठे येणार हे आधीच ठरलेलं पाहिजे, चूक झाली तर वरून दगड चिकटवता येत नाही. हे प्रश्न कलेचेच आहेत, फक्त ते त्यांच्या भाषेतले आहेत. बाजूच्या टेकडीवर चढून कैलास वरून बघता येतो, आधी तिथे न्या, खाली नंतर.

आणि तयारी तुम्ही घरबसल्या करू शकता. हरवळेच्या गुंफा तुमच्यापासून किती लांब, गाडीने थोडाच वेळ. लोक धबधबा बघतात आणि जातात, गुंफांत डोकावून "काही नाहीये" म्हणतात. नक्षी कमी आहे कारण आपला दगड चिरा, म्हणजे जांभा, सच्छिद्र, त्याला बारीक काम सोसत नाही, कडा तुटतात. मग जमलं तर एका सकाळी तांबडी सुर्लाला जा. कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, काळ्या बेसॉल्टचं, आणि हा दगड आसपासचा नाही, घाटावरून आणलेला असं मानतात. तिथे छतावरचं कमळ बघा किती धारदार आहे, एका खांबाच्या पायाशी घोड्याला तुडवणारा हत्ती आहे तो शोधा. हरवळे आणि सुर्ला पाठोपाठ बघितलं की दगड काय करू देतो आणि काय करू देत नाही हे हाताला कळतं, मिस्टरांना तर आधीच माहीत असणार, त्यांनाच सांगू दे. मग प्रवासात तोच धागा धरा. बेळगाव मागे टाकून कोल्हापूर-साताऱ्याकडे निघालात की तांबडा चिरा संपतो, घरांचे जोते, देवळं, नदीचे घाट, सगळं काळं होत जातं. गाडीतून बघायला हे पुरेसं आहे, त्यासाठी थांबावं पण लागत नाही.

थांबण्यावरून जे भांडण आहे त्याचा तोडगा मी असा सुचवेन. दिवसातून एक थांबा तुमचा. कुठे ते तुम्ही ठरवायचं, कारण सांगायचं नाही, आणि त्यांनी "परत येताना" म्हणायचं नाही. बदल्यात बाकीच्या वेळी तुम्ही "अहो थांबवा" म्हणायचं नाही. एकच थांबा हातात असला की माणूस जपून वापरतो, आणि खरं सांगायचं तर घाटातला प्रत्येक ढग थांबण्याच्या लायकीचा नसतोच. आणि मुख्य म्हणजे त्यांनी तुमच्या शेजारी उभं राहून तुमच्याइतकाच वेळ तेच बघावं ही अपेक्षा सोडा, ते दहा मिनिटांत बाहेर येऊन झाडाखाली बसले तर बसू दे, बघणं हे तसंही एकट्याचंच काम आहे, सोबत लागते ती नंतर जेवताना बोलायला.

अजिंठ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे लोकांचा सगळ्यात जास्त विचका होतो. तिसाच्या आसपास लेणी आहेत, सगळी करायला गेलात तर एकही नीट बघून होणार नाही. पहिलं, सतरावं, सव्विसावं आणि मिस्टरांसाठी चोविसावं, एवढी धरा, बाकी दारातून डोकावलंत तरी चालेल. सकाळी नऊला उघडतं तेव्हाच पोचा आणि सरळ पहिल्या लेण्यात शिरा. आत गेल्यावर पहिल्यांदा काही म्हणजे काही दिसत नाही. उजेड मुद्दाम कमी ठेवलाय, रंग टिकावेत म्हणून. लोक याच मिनिटाला कंटाळून मोबाईल काढतात, त्या स्क्रीनच्या उजेडाने डोळे परत आंधळे होतात, आणि "काही राहिलंच नाहीये हो" म्हणत बाहेर पडतात. तुम्ही खांबाजवळ बाजूला थांबा, पाच-सात मिनिटं जाऊ द्या. डोळे सरावले की भिंत हळूहळू वर येते. गाभाऱ्याच्या दारापाशी डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्व आहे, हातात निळं कमळ, नजर खाली. त्याचा मुकुट आणि त्यातले मोती बघा, मग मान कशी एका बाजूला कललीय आणि तिच्याबरोबर सगळं अंग कसं वळलंय ते बघा, मग मागे सरकून आजूबाजूची गर्दी बघा, इतकी माणसं दाटलेली असून तो एकटाच कसा दिसतो. पहारेकरी पुढे चला म्हणाला तर हसून बाजूला व्हायचं आणि गर्दी गेल्यावर परत यायचं. छतांसाठी छोटी दुर्बीण असेल तर न्या, पक्षी बघणाऱ्यांकडे असते तसली चालते.

रंग कसे केले तेही सांगते, तुम्हाला वर्गात उपयोगी पडेल. खडबडीत दगडावर माती, तूस, वनस्पतींचे धागे कालवून गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर खनिज रंग. निळा दूरचा, अफगाणिस्तानकडून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. आणि तांबडा म्हणजे गेरू, लोखंडाचं ऑक्साइड, म्हणजे मिस्टरांच्या खाणीवरून निघून बार्जमध्ये भरला जायचा त्याच कुळातला. आपल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम असतं, पांढऱ्या चुन्यात तांबडी नक्षी, तो तांबडाही तांबड्या मातीचाच. हे पहिल्या लेण्यात उभं असताना मिस्टरांच्या कानात सांगा. चोविसावं लेणं अर्धवट राहिलेलं आहे, छिन्नीचे घाव तसेच दिसतात, काम कुठे थांबलं ते दिसतं. पर्यटक तिथे फिरकत नाहीत, खाणवाला माणूस तिथे रमेल असं मला तरी वाटतं. सव्विसाव्यात भिंतीला लागून झोपलेला मोठा बुद्ध आहे, खाली रडणारी माणसं, प्रत्येकाचं रडणं वेगळं.

वेरूळला दहावं लेणं चुकवू नका, लोक सुताराची झोपडी म्हणतात, छताला लाकडी वासे असावेत तशा दगडाच्या फासळ्या आहेत. म्हणजे लाकडाची काहीच गरज नव्हती, पण डोळ्याला लाकडी छताची सवय होती म्हणून दगडात लाकूड कोरलं, यावर जेवताना गप्पा मारता येतील. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, दुपारनंतर उजेड आत शिरतो, त्यामुळे सकाळी उगाच धावपळ करू नका, जेवून जा.

मुंबईला वेळ कमी असेल तर काळा घोड्याजवळ जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ पासून आहे, तिकीट नाही, आणि चित्रकार बहुतेक स्वतःच्या चित्रांशेजारी खुर्ची टाकून बसलेले असतात, त्यांना वर सांगितले तसले प्रश्न विचारा. इतपत पुरे. मुंबईत बाकी मुलाला जे बघायचंय ते बघू दे, दोन दिवस लेणी बघितल्यावर त्याचाही हक्क आहे.

बुकिंग करायच्या आधी वार तपासा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, आणि दरवर्षी कितीतरी लोक बंद दारासमोर पोचतात. दिवाळीच्या सुट्टीत शनिवार-रविवारी तिथे उभं राहायला जागा नसते, म्हणून वेरूळ बुधवारी दुपारी आणि अजिंठा गुरुवारी सकाळी असं काहीतरी बसवा. अजिंठ्याला स्वतःची गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे सरकारी बसने जावं लागतं, तो वेळ धरून हॉटेलातून निघा. आणि रंगकाम असलेल्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, दर वेळी लेस सोडा-बांधा करत बसलं तर मिस्टर तिसऱ्या लेण्याला वैतागतील, तेव्हा सगळ्यांना साध्या सँडल घालायला सांगा, मुलाला तर आदल्या रात्रीच.